पेसाहच्या आठ दिवसांचा बेने इस्रायली स्वयंपाक

पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा ज्यूंचा सण, त्यात आंबलेलं धान्य वर्ज्य. त्याच्या स्वयंपाकाबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याचं घराणं अलिबागकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सासूबाई आता इस्रायलमध्ये अश्दोदला धाकट्या मुलाकडे राहतात, त्यामुळे यंदा ठाण्याच्या घरी पहिल्या दोन्ही रात्रींचा सेदर, म्हणजे पोथी वाचून करायचं विधीचं जेवण, पहिल्यांदाच सुनेने मांडायचा आहे. जेवायला दहा माणसं, त्यांत एक अमेरिकन पाहुणा. सासूबाई करायच्या तेच सगळं करायचं आहे: खजुराचा पाक, मनुकांचं शरबत, हिरवं मटण, नारळाच्या दुधातला मासा, तांदळाची भाकरी. अडचणी अशा की पाक दर वेळी पातळ राहतो, मटण खारट होतं, इंटरनेटवर बघावं तिथे 'पेसाहला भात निषिद्ध' असं लिहिलेलं दिसतं, आणि सांदण, म्हणजे ताडीने फुगवलेल्या तांदळाचा वाफवलेला गोड पदार्थ, करावं की नाही यावर घरात दोन तट पडलेत.

मी घरचे आणि सामुदायिक असे दोन्ही प्रकारचे सेदर बरीच वर्षं रांधत आले आहे, त्यामुळे एकेक मुद्दा सविस्तर घेते. आधी एक धीराची गोष्ट. तुमच्या सासूबाईंच्या यादीत गव्हाचा एकही पदार्थ नाही. युरोपातल्या ज्यू घरांत पेसाह आला की मोठी ओढाताण व्हायची, कारण त्यांचं रोजचं जेवण ब्रेडवर उभं होतं. मत्साच्या, म्हणजे न फुगवलेल्या गव्हाच्या कडक पोळीच्या, चुऱ्याचे गोळे, मत्साच्या पिठाचे केक हे सगळं त्या ओढाताणीतून आलं. कोकणात आपल्या लोकांचं रोजचं जेवण भात, भाकरी, नारळ आणि मासे हेच होतं. त्यामुळे पेसाहसाठी पदार्थ फारसे बदलावे लागत नाहीत. बदलावे लागतात ते फळीवरचे डबे. परदेशी व्हिडिओ बघून नवीन पदार्थ शिकण्यात जो वेळ जाईल, तो मसाले आणि तांदूळ निवडण्यात घालवा.

आता भात. हामेत्स म्हणजे पाच धान्यं आणि त्यांपासून आंबलेलं, फुगलेलं सगळं. ती पाच अशी: गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक भाऊबंद. आपल्याकडचा खपली गहूही गहूच धरायचा, 'डायबेटिसला चालतो' म्हणून इथे सुटका नाही. तांदूळ, ज्वारी, नाचणी या पाचांत नाहीत. मध्ययुगात युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी तांदूळ, मका, डाळी, कडधान्यं, तीळ, मोहरी हे सगळं 'कितनियोत' म्हणून पेसाहपुरतं वर्ज्य केलं. इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर त्यांच्या घरांतला आहे, म्हणून तुम्हाला ठिकठिकाणी 'भात नाही' असं दिसतं. बेने इस्रायलींनी तो निर्बंध घेतला नाही. इस्रायलमध्ये तर पेसाहच्या दिवसांत दुकानातल्या पाकिटांवर 'कितनियोत खाणाऱ्यांसाठी' असा शिक्काच असतो, म्हणजे दोन्ही रीती तिथे शेजारीशेजारी नांदतात. सासूबाईंना फोन करून विचारा, त्या तिथलं पाकीट वाचून दाखवतील.

भात चालतो, पण निवडून. हे निवडणं रोजच्यासारखं खडे काढण्यापुरतं नाही. तांदूळ आणि गहू एकाच वाण्याकडे, एकाच मापाने, कधी एकाच गोणीतून फिरलेले असतात. तांदळात गव्हाचा दाणा सापडतो, मी स्वतः काढलेला आहे. आठ दिवसांचा तांदूळ सणाआधी एकदम घ्या, सुटा न घेता बंद पिशवीतला घ्या, आणि पांढऱ्या कापडावर मूठमूठ पसरून तीन वेळा निवडा. तिन्ही वेळा एकाच बसणीला नको, डोळे थकले की गहू दिसत नाही. दिवसाउजेडी, खिडकीशी बसून निवडा. मुलं घरात असतील तर त्यांना बसवा, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते आणि दाणा सापडला की आरडाओरडाही भरपूर होतो.

भाकरीचं पीठ मात्र गिरणीतून आणू नका. गिरणीवाला कितीही ओळखीचा असला तरी तुमच्या आधीच्या डब्यात गहू असतो आणि त्याचं पीठ जात्यात, फनेलात, कापडी पिशवीत बसलेलं असतं. विकतच्या तांदळाच्या पिठाचीही तीच गत. निवडलेला तांदूळ धुऊन, सावलीत पंख्याखाली वाळवून मिक्सरला दळा आणि बारीक चाळणीने चाळा. हे पीठ गिरणीच्या पिठापेक्षा थोडं भरड राहतं, म्हणून भाकरी थापताना चिरा पडतात. त्यावर उपाय आपल्याला माहीतच आहे: उकड काढायची. जेवढं पीठ तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ, पाण्याला आधण आलं की पीठ घालून झाकण, पाच मिनिटांनी गरम असतानाच मळायचं. तवा मात्र नवा घ्या. ज्या तव्यावर वर्षभर पोळ्या भाजल्या तो नुसता घासून, उकळून चालत नाही, तो लाल होईपर्यंत तापवावा लागतो. घरच्या गॅसवर त्या भानगडीत पडण्यापेक्षा एक साधा लोखंडी तवा घेऊन त्यावर खूण करून ठेवा.

आता त्या डब्यांकडे वळू. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण इथे गहू गव्हासारखा दिसत नाही.

पहिला गुन्हेगार हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग 'बांधणीचा' असतो, म्हणजे शुद्ध हिंगाचा उग्रपणा कमी करायला त्यात पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. डबी उलटी करून घटक वाचा. मी या आठ दिवसांत हिंग वापरतच नाही, फोडणीला ठेचलेला लसूण पुरतो. दुसरा, तयार मसाले. गरम मसाला, मटण मसाला, सांबार मसाला, सगळी उघडी पाकिटं एका खोक्यात घालून वर ठेवून द्या. हळद आणि तिखटाच्या सुट्या पुड्यांत भेसळीचं पीठ असण्याची शक्यता असते, म्हणून मिरच्या आणि हळकुंड आणून घरी कुटलेलं सर्वांत बरं. हळकुंड मिक्सरला घालण्याआधी खलबत्त्यात फोडून घ्या, नाहीतर पातं जाईल. धणे, जिरे, बडीशेप, मेथीदाणे या चौघांत शेतातूनच गव्हाचे दाणे मिसळून येतात, तेव्हा तेही तांदळासारखेच निवडायचे. तिसरा, व्हिनेगर. माल्ट व्हिनेगर जवाचं असतं, ते सरळ बाद. कोकम, चिंच, लिंबू घरात असताना व्हिनेगरची गरजही नाही. सोया सॉसमध्ये गहू असतो. विकतची लोणची हिंगामुळे बाद होतात.

एक युक्ती महाराष्ट्रातल्या वाण्याकडेच मिळते. दुकानातली उपवासाची फळी बघा. साबुदाणा, वरी, शिंगाड्याचं पीठ, राजगिरा. चैत्रात रामनवमीच्या आसपास ही फळी भरलेली असते आणि पेसाहही साधारण त्याच दिवसांत येतो. उपवासाला धान्य चालत नाही म्हणून शेजारणी जे खातात, त्यातलं बरंच आपल्यालाही उपयोगी पडतं. साबुदाणा कंदाचा आहे, त्याची खिचडी मधल्या दिवसांत उत्तम. पिठं मात्र तिथलीही नकोत, दळण तेच.

अमेरिकन पाहुण्याला आधी स्पष्ट विचारा की तो कितनियोत खातो का. तिथल्या कन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ साली अश्केनाझींनाही तांदूळ-डाळींची मुभा दिली, तेव्हा कदाचित तो आनंदाने भाकरी खाईल. नसेल खात, तर त्याच्यासाठी वेगळा घाट घालू नका. बटाटे, रताळी, सुरण, मटण, मासा, मत्सा, फळं हे त्याला सगळं चालतं. फक्त फोडणीत मोहरी आणि तिळाचं तेल नको, खोबरेल वापरा. आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. तेव्हा खोबरेल तेलाचं जेवण ही आपल्याकडे काही नवी सोय नाही.

भांड्यांबद्दल थोडक्यात. पूर्वी पेसाहच्या आधी घराला चुना लागायचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची. आता कल्हईवाला शोधावा लागतो, पण स्टीलची भांडी घासून, चोवीस तास न वापरता ठेवून, मग उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून घेता येतात. मातीची भांडी शुद्ध करता येत नाहीत, नवीच घ्यायची. कुकर वापरणार असाल तर गॅस्केट आणि शिट्टी नवी घ्या, तिथे वर्षभराचं अन्न अडकलेलं असतं. मिक्सरची दोन भांडी वेगळी ठेवलीत तर दर वर्षीची डोकेदुखी संपते. नियमांत शंका आली तर सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, विचारा, मी स्वयंपाकापुरतं सांगू शकते.

खजुराचा पाक. सेदरच्या ताटात हारोसेत, म्हणजे विधीची गोड चटणी, म्हणून अश्केनाझी लोक सफरचंद-अक्रोड ठेवतात, आपल्याकडे खजूर. बगदादी ज्यूंच्या घरांत याला हलेक म्हणतात. तुमचा पाक पातळ राहण्याचं कारण बहुधा आटवण्यात नाही, गाळण्यात आहे. शिजलेला खजूर चाळणीवर घासून काढला की गर खाली उतरतो, पाक लगेच दाट दिसतो, आपण गॅस बंद करतो. दुसऱ्या दिवशी गर खाली बसतो आणि वर पाणी तरंगतं. म्हणून मलमलच्या कापडातूनच गाळायचं.

एक किलो बिनबियांचा खजूर घ्या. मऊ काळा घ्या, आणि चकाकणारा टाळा, कारण त्यावर ग्लुकोजचा लेप असतो आणि तो कशापासून केला ते कळत नाही. प्रत्येक खजूर उघडून किडा-जाळी बघा. दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पाऊण तास शिजू द्या, अधूनमधून डावाने ठेचत राहा. कोमट झाला की मलमल दुहेरी करून त्यात थोडा थोडा घ्या आणि पिळा. जोर लागतो, घरातल्या दणकट माणसाला बोलवा. उरलेल्या चोथ्यावर अर्धा लिटर गरम पाणी घालून पुन्हा एकदा पिळा, बरीच साखर तिथे अडकलेली असते. आता हा तांबूस, पातळ रस पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात आटवा. उभट पातेल्यात दुप्पट वेळ लागतो आणि माणूस कंटाळून मध्येच उतरवतो. पहिला तासभर मध्यम आच चालते, वर येणारा फेस काढत राहा. शेवटच्या वीस मिनिटांत आच अगदी मंद करा आणि पातेल्याजवळून हलू नका, कारण इथे तो खाली लागतो आणि एकदा लागला की कडवटपणा जात नाही. थंड बशीत थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. रेघ मिटत नाही असं दिसलं की उतरवा, मधापेक्षा थोडा पातळच. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. अर्धा ते पाऊण लिटर पाक निघतो, दोन सेदर आणि मधल्या दिवसांत मत्साला लावायला पुरतो. अक्रोड-बदामाचे तुकडे ज्या त्या रात्री वाढतानाच घाला, आधी घातले तर मऊ पडतात. वेलची, सुंठ, दालचिनी घालणारे आहेत. मी घालत नाही. खजूर चांगला असेल तर त्याला मदत लागत नाही.

हा पाक सणाच्या आठवडाभर आधी करून ठेवा, पण आधी जागा आणि भांडी पेसाहची झाली पाहिजेत.

मनुकांच्या शरबताचं माप लोक नेहमी चुकवतात. सेदरला प्रत्येकाने चार पेले प्यायचे असतात. पेला साधारण ८६ मिलिलिटरचा धरला तरी दहा माणसांना एका रात्रीला साडेतीन लिटर लागतं, दोन रात्रींना सात. दरवाजातून येणाऱ्या एलियाहू हनाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, पेला वेगळा. सगळं शरबत घरी करायचं तर अडीच किलो काळ्या मनुका लागतील. अर्धा किलोला दोन लिटर पाणी, रात्रभर भिजत, सकाळी अर्धा तास हळू उकळून दीड लिटरच्या आसपास आणायचं, गार झाल्यावर हाताने कुस्करून कापडातून पिळायचं. मिक्सर फिरवू नका, बिया फुटून तुरट होतं. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, त्यापुढे आंबू लागतं, म्हणून दोन दिवस आधीच करा. मोठ्यांसाठी पेसाहचा शिक्का असलेली वाइन किंवा द्राक्षरस आणणार असाल तर मनुकांचं शरबत मुलांपुरतं आणि किद्दूशपुरतं, म्हणजे पहिल्या पेल्यावरच्या आशीर्वादापुरतं, करा. सासूबाईंच्या हातचं म्हणून जे आठवतं ते त्या पहिल्या पेल्यातच असतं.

आता हिरवं मटण, आणि त्याचा खारटपणा. कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे कापलेलं, मटण अर्धा तास पाण्यात भिजवून, मग खडे मीठ चोळून, तासभर तिरक्या फळीवर रक्त निथळायला ठेवतात आणि मग तीनदा धुतात. हे झालेल्या मटणात मीठ आधीच शिरलेलं असतं. त्यावर आपण नेहमीच्या सवयीने वाटणात मीठ, परततानाही मीठ घालतो, आणि मग बटाटे टाकत बसतो. तेव्हा पहिला नियम: मटण पूर्ण शिजून रस्सा चाखेपर्यंत मिठाच्या डब्याला हात लावायचा नाही. दुसरा: मटण आणताना विचारून घ्या की मीठ लावून झालंय की घरी लावायचं आहे. दोन्हीकडे लावलं गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. तिसरा: तीनदा धुणं म्हणजे नळाखाली तीनदा धरणं नव्हे, प्रत्येक वेळी पाणी बदलून चोळून धुवा. कलेजी या मार्गाने शुद्ध होत नाही, ती आगीवर भाजावी लागते. सेदरच्या गडबडीत ती ठेवूच नका.

दहा माणसांना दोन किलो मटण पुरेल, बटाटे धरून. वाटणाला तीन मोठ्या जुड्या कोथिंबीर, बारा-पंधरा हिरव्या मिरच्या, दोन गड्डे लसूण, तीन इंच आलं आणि एका नारळाचं ओलं खोबरं. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून, पान न पान बघून घ्या, तिच्यात बारीक किडे असतात आणि तेही कोशेरला चालत नाहीत. वाटणाचे दोन भाग करा. पहिल्या भागात कोथिंबिरीच्या काड्या, खोबरं, लसूण, आलं, मिरच्या. दुसऱ्या भागात नुसती पानं आणि दोन मिरच्या. तेलात दालचिनी, लवंग, मिरी, वेलची, मग उभा चिरलेला कांदा. कांदा गुलाबीच ठेवा, लाल केलात की रंग तपकिरी होतो. हळद अर्धाच चमचा, जास्त पडली तर हिरवं पोपटी होतं. पहिलं वाटण तेल सुटेपर्यंत परता, इथे घाई केली तर कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत राहतो. मटण घालून दहा मिनिटं परता, गरम पाणी घाला, झाकण. कुकरपेक्षा पातेल्यात सव्वा ते दीड तास शिजवलेलं मला जास्त आवडतं, कारण कुकरमध्ये कोथिंबीर काळवंडते. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात. मटण हाडापासून सुटायला लागलं की दुसरं वाटण आणि एका नारळाचं घट्ट दूध घाला, आणि यापुढे झाकण नाही, खळखळून उकळी नाही. कडेला बुडबुडे आले की पाच मिनिटं, गॅस बंद. आता चाखा आणि हवं तरच मीठ. शेवटी लिंबू. तूप कुठेही नको, मटणाबरोबर दुधाचं काही येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. नारळाचं दूध आपल्या स्वयंपाकात इतकं मुरलं याला हेही एक कारण आहे.

डब्यातलं नारळाचं दूध घेऊ नका, त्यात घट्ट करणारे पदार्थ असतात. दोन्ही रात्री आणि गोडाचं धरून सात-आठ नारळ लागतील, ते आदल्या दिवशी खवून फ्रिजमध्ये ठेवा, दूध त्या त्या दिवशी काढा.

मासा सोपा आहे. पर आणि खवले असलेला हवा: पापलेट, रावस, बोय, आणि अलिबागकडे जिताडा मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही. कोळंबी, खेकडे, मोरी नाहीत, हे वर्षभरच. लसूण, हिरवी मिरची, हळद, पातळ दुधात मासा शिजवा, वरून घट्ट दूध, आणि कोकम अगदी शेवटी, आच कमी करून, नाहीतर दूध फाटतं. मासा आणि मटण एका पातेल्यात नको, एका ताटलीतही नको. मी मासा दुसऱ्या रात्री करते. दोन्ही एकाच रात्री केलं तर हगादा, म्हणजे सेदरची पोथी, वाचून होईपर्यंत दहा वाजतात, आणि एवढं जेवण कोणाला जात नाही.

मत्सा घरी करायचा मोह आवरा. पीठ पाण्याला लागल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या आत सगळं उरकावं लागतं, गहू दळताना ओल लागलेला चालत नाही. हे एकट्या बाईचं काम नाही. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगाद्यात साड्या नेसलेल्या बायका मत्सा करतानाचं चित्र आहे. एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने भाजायचं, अशीच ती रीत. त्याआधी १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठी हगादा निघाला होता, म्हणजे सेदरची मराठी आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. आज पेसाहचा शिक्का असलेला खोका आणा. पहिल्या दोन रात्री मत्सा खाणं हे कर्तव्य आहे, भाकरी त्याची जागा घेत नाही, भाकरी रश्शाबरोबर. उरलेला मत्सा मधल्या दिवसांत सकाळी फोडणीच्या पोळीसारखा करा: मोठे तुकडे, पाण्याचा हबका, दोन मिनिटं झाकून ठेवायचं, मग कांदा, मिरची, कढीपत्ता आणि वरून ओलं खोबरं. भिजत घातलात तर लगदा होईल.

गोडाला चिकाचा हलवा कोणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. तो गव्हाच्या चिकाचा, ज्यू नव्या वर्षाचा. त्याच चवीच्या जवळ जाणारी, पेसाहला चालणारी वडी चायना ग्रासची होते. दहा ग्रॅम चायना ग्रास दोन वाट्या पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, एक धागाही शिल्लक नको. दुसरीकडे पाऊण लिटर घट्ट नारळाचं दूध आणि २०० ग्रॅम साखर गरम करा, उकळू नका. गरमात गरम मिसळा. दूध गार असेल तर गुठळ्या होतात, मग काही उपाय नाही. वेलची, बदामाचे काप, थाळीत ओतून गार करा. मटणानंतर निर्धास्त खाता येते.

वेळेचं गणित असं. ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पहिल्या सेदरच्या दिवशी, सकाळी ठरावीक वेळेनंतर हामेत्स खाता येत नाही आणि मत्साही रात्रीपर्यंत खायचा नसतो. बाकी जगात त्या दुपारी काय खावं हा प्रश्न पडतो. आपल्याकडे भात आणि माशाची आमटी. तेवढंच करा, पोट हलकं ठेवा. मटण त्याच दुपारी शिजवून, दुसरं वाटण आणि दूध घालायचं बाकी ठेवा. ते वाढण्याआधी घालायचं. सण लागण्याआधी पेटवलेली एक आच चालू ठेवा, कारण सणात नवी काडी ओढायची नसते. दुसऱ्या रात्रीची तयारी पहिला दिवस मावळून अंधार पडल्यावरच सुरू करायची, आधी नाही. म्हणून दुसऱ्या रात्रीला झटपट होणारा मासा बरा. अश्दोदला सासूबाईंचा सेदर एकच रात्र आणि सण सातच दिवस, तेव्हा त्यांच्या फोनवरच्या सूचना ऐकताना हा एका दिवसाचा फरक लक्षात ठेवा.

राहिलं सांदण. जे म्हणतात 'तांदळाचं आहे, चालतं', ते नियमाने बरोबर आहेत. तांदूळ आंबला तरी तो हामेत्स होत नाही, आणि ताडीही त्या पाच धान्यांतली नाही. यीस्टची पुडी वापरणार असाल तर मात्र प्रश्नच मिटला, ती घरात नकोच. तरीही मी करत नाही. कोकणातल्या जुन्या लोकांना 'पेसाह' हे नाव माहीत नव्हतं तेव्हाही ते हा सण पाळत होते, आणि त्याला 'अनशी ढाकायचा सण' म्हणत होते. आंबट-चिंबट रसाची बरणी झाकून बाजूला ठेवायची, ही त्यांची रीत. आंबवणीच्या बरण्या आठ दिवस बंद ठेवणाऱ्या घरात सांदणाचं पीठ फुगत ठेवणं मला पटत नाही. घरातल्या दोन्ही तटांना सांगा की तांदूळ आठव्या दिवशी रात्री, हावदाला, म्हणजे सण संपल्याचा विधी, झाल्यावर भिजत घालू. दुसऱ्या दिवशी वाटून ताडी घालायची, पीठ वर आलं की नारळाच्या दुधात साखर, वेलची, आणि चाळणी चढवायची. त्या दिवशी पेसाहची भांडीही परत माळ्यावर चढवायची असतात, तेव्हा सांदण खायला माणसं जमली की तेही काम काढा, म्हणजे सगळ्यांनाच कामाला लावता येईल.